शॉट छान, पण ओपनिंग जुळत नाही: विद्यार्थी फिल्मच्या पहिल्या दोन मिनिटांची दुरुस्ती

एडिटिंगचं काम करताना कॉलेजच्या पोरांच्या शॉर्ट फिल्म सारख्या हाताखालून जातात. संभाजीनगरची टीम असो, लातूरची, नांदेडची की परभणीची, बिघाड बहुतेक एकाच जागी सापडतो: सुरुवातीच्या दोन मिनिटांत. पुढचे प्रसंग त्या मानानं बरे असतात, कारण तोवर सगळ्यांचा हात बसलेला असतो. ओपनिंग मात्र पहिल्याच दिवशी शूट होतं, सगळ्यात जास्त उत्साहात आणि सगळ्यात कमी तयारीत.

खाली तपासण्या दिल्या आहेत त्या फुकट आणि सोप्यापासून खर्चिक आणि अवघडापर्यंत. जिवाच्या धोक्याचा भाग शेवटी आला आहे तो फक्त अवघड म्हणून. शूटला निघण्याआधी तो वाचलाच पाहिजे.

लक्षणं

- सुटा प्रत्येक शॉट चांगला दिसतो. एकापुढे एक लावले की माणूस मध्येच दिशा बदलतो, पिशवी या हातातून त्या हातात जाते, समोरासमोर बोलणारी दोन माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत असं वाटतं.
- एकाच प्रसंगात उजेड उड्या मारतो. एका शॉटमध्ये सकाळ, पुढच्यात भर दुपार, तिसऱ्यात चेहरा निळसर.
- दुकानातल्या किंवा घरातल्या शॉटवर काळसर आडवे पट्टे सरकत राहतात.
- आवाज वाऱ्यात बुडालेला असतो. किंवा सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि पाच मिनिटांच्या टेकच्या शेवटी मागे पडतो.
- यादीतले शेवटचे शॉट मिळालेलेच नसतात. फोन तापून बंद पडला, कुणाला चक्कर आली, कुणीतरी येऊन शूट थांबवलं.
- तांत्रिक सगळं ठीक असतं, तरी बघणारा विचारतो, "हा कोण आहे? याला काय पाहिजे?"

कुठलं लक्षण आपलं, हे ओळखायला ओपनिंग दोनदा बघा. एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा डोळे मिटून. आवाज बंद असताना गोष्ट कळली नाही तर दोष शॉटच्या आखणीत आहे. डोळे मिटल्यावर त्रास झाला तर आवाजात आहे. हे केल्याशिवाय नवा कॅमेरा भाड्यानं आणायला जाऊ नका. महागडा कॅमेरा यातलं जवळजवळ काहीच दुरुस्त करत नाही.

1. कागद: खर्च शून्य, फायदा सगळ्यात मोठा

एक वाक्य पूर्ण करा: "ओपनिंग संपेपर्यंत बघणाऱ्याला कळलं पाहिजे की..." हे वाक्य टीममधल्या चौघांनी चार वेगवेगळ्या तऱ्हेनं पूर्ण केलं, तर शूटिंगची तारीख पुढे ढकला.

समजा गोष्ट लातूरची आहे. बाप सोयाबीन घेऊन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात आलाय. पोरगा आडत दुकानाबाहेर थांबलाय, त्याच्या दप्तरात क्लासच्या फीचं पत्रक आहे. बाप हिशोबपट्टी घेऊन बाहेर येतो, पट्टीची घडी करून खिशात टाकतो आणि पोराकडे न बघता चपला घालतो. पोरगा अर्धवट बाहेर काढलेलं पत्रक परत आत सारतो. वाक्य तयार: भाव मिळालेला नाही आणि पोरानं फीचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. एकही संवाद लागला नाही.

पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ओपनिंगमध्ये हे दोन मिनिटांनंतर सुरू होतं. त्याआधी गजर वाजतो, पोरगा उठतो, दात घासतो, आरशात बघतो, आई डबा देते, गाडीला किक बसते आणि वरून ड्रोनमधून गाव दिसतं. यातला कुठलाही शॉट कुठल्याही फिल्मच्या कुठल्याही पोराचा असू शकतो. ज्या क्षणी या पोराचा दिवस बिघडायला लागतो, तिथूनच ओपनिंग सुरू करा. आधीचे सगळे शॉट कापा. शूट निम्म्यावर येतं आणि धोकाही तेवढाच कमी होतो.

मग शॉटची यादी करा. चित्र काढता येत नसलं तरी बिघडत नाही. दोन मित्रांना कॉलेजच्या पायऱ्यांवर उभं करा आणि फोननं प्रत्येक शॉटचा एक-एक फोटो काढा. मोंढ्याच्या प्रसंगाला सात-आठ फोटो पुरतात. ते गॅलरीत ओळीनं लावून गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि गप्प बसा. "इथं असं आहे बरं का" असं समजावून सांगावं लागलं, तर तिथला फोटो चुकला आहे. तो पायऱ्यांवरच बदला. हा बदल तिथं पाच मिनिटांत होतो, शूट झाल्यावर अख्खा दिवस जातो.

त्याच यादीवर लाल पेन फिरवा. रस्ता, रूळ, पाणी, उंची, आग, वीज, हत्यार, जनावर यातलं काहीही ज्या शॉटमध्ये आहे त्यावर खूण करा. प्रत्येक लाल शॉटला एकच प्रश्न विचारा: हीच गोष्ट जमिनीवर उभं राहून, धोक्याशिवाय सांगता येईल का? ओपनिंगमध्ये याचं उत्तर जवळजवळ नेहमी "हो" असतं.

2. दिशा आणि जोड: यालाही पैसे लागत नाहीत

दोन माणसांमध्ये जमिनीवर एक रेघ आहे असं धरा. आपल्या प्रसंगात ती दुकानाच्या दारातल्या बापापासून पोत्यांजवळच्या पोरापर्यंत जाते. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग बाप फ्रेममध्ये उजवीकडे बघेल, पोरगा डावीकडे, आणि ते एकमेकांकडे बघताहेत असं वाटेल. कॅमेरा पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात.

नियम सगळ्यांना वर्गात शिकवलेला असतो, तरी तुटतो. कारण मोंढ्यात जागा मिळत नाही. हमाल पाठीवर पोतं घेऊन येतो, तुम्ही ट्रायपॉड उचलून बाजूला होता आणि परत उभे राहता ते पलीकडच्या बाजूला. म्हणून रेघ खरोखर खडूनं आखा, किंवा "कॅमेरा या खांबाच्या पुढं जाणार नाही" असं टीमला सांगून ठेवा. बाजू बदलायचीच असेल तर एक शॉट बरोबर रेघेवरून घ्या, नाहीतर चालू शॉटमध्येच कॅमेरा पलीकडे न्या.

शूट झालं असेल तर काय? बरेच जण शॉट आडवा उलटवतात. मोंढ्यात ते चालत नाही, मागच्या पाट्या उलट्या होतात. दोन शॉटच्या मध्ये दिशा नसलेला एखादा क्लोजअप टाका: पट्टीची घडी घालणारी बोटं, तराजूचा काटा, चपलेत जाणारा पाय. म्हणून असे चार-पाच क्लोजअप निघण्यापूर्वी घेऊनच ठेवायचे.

जोड बसण्यासाठी दुसरी सवय म्हणजे कृती दोन्ही शॉटमध्ये पूर्ण करून घ्या. बाप पट्टी खिशात घालतो हे लांबून पूर्ण घ्या, जवळूनही पूर्ण घ्या. "ॲक्शन" म्हटल्यावर नटानं दोन सेकंद थांबून सुरू करावं, संपल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. एडिटरला कापायची जागा तिथं मिळते. एकाच माणसाचे सलग दोन शॉट घेताना कॅमेरा निदान 30 अंश तरी फिरवा किंवा फ्रेमचा आकार ठळक बदला, नाहीतर कापल्यावर झटका बसतो.

प्रत्येक टेकनंतर एक फोटो काढा, मागच्या भागासकट. लोक कपडे आणि केस बघतात, पाठीमागचं बघत नाहीत. सकाळी मागे दिसणारी पोत्यांची थप्पी दुपारी ट्रकमध्ये गेलेली असते. म्हणून जिथे थप्पी दिसते ते सगळे शॉट आधी उरका, चेहऱ्याचे क्लोजअप नंतर.

3. फोन किंवा कॅमेऱ्याची सेटिंग: दहा मिनिटांचं काम

पट्टे का येतात? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फ्रेम रेट 25 आणि शटर 1/50 ठेवा. 1/100 सुद्धा चालतं. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात हे हातानं ठरवता येत नसेल तर तशी सोय असलेलं ॲप वापरा. आधी दुकानात उभं राहून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि मोठ्या स्क्रीनवर बघा. तरीही पट्टे दिसले तर तो दिवा बंद करून खिडकीचा उजेड घ्या.

उजेड आणि रंग शॉटमधल्या शॉटमध्ये बदलत असेल तर कॅमेरा ऑटोवर आहे. पांढऱ्या धोतराचा माणूस फ्रेममध्ये आला की ऑटो एक्स्पोजर सगळं काळं करतं, तो गेला की परत उजळ. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. व्हाइट बॅलन्सही (रंगाचा समतोल) लॉक करा: उन्हात 5600 केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बखाली 3200च्या आसपास. एका प्रसंगाला एकच आकडा.

आवाज हळूहळू मागे पडत असेल तर दोष बहुधा फोनच्या बदलत्या फ्रेम रेटचा असतो. फोन उजेड आणि तापमान बघून सेकंदाला कधी 25 तर कधी 24 फ्रेम नोंदवतो, वेगळा घेतलेला आवाज मात्र स्थिर असतो. एडिटला घेण्याआधी फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून "कॉन्स्टंट फ्रेमरेट"वर काढून घ्या. आवाज 48 किलोहर्ट्झवरच रेकॉर्ड करा.

फोनमधली जागा रिकामी करा, तो एअरप्लेन मोडवर टाका. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फुटेज दोन ठिकाणी उतरवा. कार्ड वाचलं जात नसेल किंवा "फॉरमॅट करा" असं विचारत असेल तर इथं थांबा. त्यावर काही नवं लिहू नका, फॉरमॅट करू नका, मोफत सॉफ्टवेअरचे प्रयोग करू नका. कार्ड काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. जुना डेटा नव्या लिखाणाखाली गेला की तोही परत आणू शकत नाही.

4. ऊन

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर जातो. सकाळी दहा ते चार या वेळात डोळ्यांखाली काळी सावली पडते, नट डोळे बारीक करतो आणि फोन तापून रेकॉर्डिंग बंद करतो. उन्हाळ्यात पहाटे सहाला सूर्य वर आलेला असतो, म्हणून बाहेरचं काम सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. डिसेंबरमध्ये सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, पण ऊन मवाळ असल्यानं दिवस जास्त वापरता येतो. जमलं तर ओपनिंग हिवाळ्यातच करा.

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला करा. पोरं संध्याकाळी जागा बघून येतात आणि सकाळी शूटला जातात, मग कळतं की सकाळी आडत दुकानाचा ओटा पूर्ण सावलीत आहे. वेळ चुकलीच तर रुंद शॉट उन्हाच्या चांगल्या वेळी घ्या आणि क्लोजअप सावलीत पांढरी चादर समोर धरून घ्या. फोनला दर दोन टेकनंतर सावलीत ठेवा, कव्हर काढा. फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, आत ओल धरते.

5. आवाज: इथून थोडे पैसे लागतात

कॉलरचा साधा माइक काही शे रुपयांत मिळतो, आणि ओपनिंगवर खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च हाच करा. माइकला फरचं टोपरं लावा, माळावरचा वारा फोमच्या टोपीला जुमानत नाही. दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून नटाच्या खिशात ठेवला तरी चालतो. टेक सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. पातळी ठेवताना मोठ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. शून्याला लागून फाटलेला आवाज नीट होत नाही.

प्रत्येक जागेचा मिनिटभर रिकामा आवाज घ्या, सगळ्यांनी गप्प उभं राहून. दोन संवादांमध्ये कापताना मागचा गलका अचानक तुटतो, ती फट या रिकाम्या आवाजानं भरते. मोंढ्यात तर लिलावाचा पुकारा, हमालांच्या हाका, ट्रकचा रिव्हर्स हॉर्न असं सगळं वेगळं-वेगळं घेऊन ठेवा.

गावात शूट असेल तर वेळापत्रक आधी विचारा. शेतीची थ्री फेज लाइट कधी येते? ती आली की ऑटो स्टार्टरवरच्या मोटारी आपोआप सुरू होतात आणि शिवारभर घरघर चालू होते. हरिनाम सप्ताह बसलाय का? आठवडी बाजार कधी? लग्नाची तिथी आहे का? एका चहाच्या टपरीवर हे सगळं कळतं.

संवादाचा आवाज फाटला असेल, किंवा वारा शब्दांपेक्षा मोठा असेल, तर तासन् तास फिल्टर लावत बसू नका. संवाद परत डब करा, नाहीतर साउंड इंजिनिअरला एकदा ऐकवा. तो पाच मिनिटांत सांगेल की वाचतंय की नाही.

6. जागा आणि परवानगी

शूट अर्ध्यात थांबण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. दुकानाच्या मालकाला, शेताच्या मालकाला आधी जाऊन भेटा. लेखी घ्या, साध्या कागदावर सही पुरते. गावात सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रस्त्यावर, बाजारात किंवा गर्दीच्या जागी शूट असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र करून पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पत्रात तारीख, वेळ, टीमची संख्या आणि प्राध्यापकांचा नंबर असावा. अडवायला आलेल्या माणसाशी वाद घालायची गरज पडत नाही, पोच दाखवली की काम होतं.

अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची स्मारकं. 1958च्या कायद्याखाली ती संरक्षित आहेत आणि तिथे फिल्म शूट करायला आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. "स्टुडंट फिल्म आहे" असं गेटवर सांगून भागत नाही. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, धरण यांचंही तसंच, ज्याची जागा त्याच्या कार्यालयाची परवानगी.

ड्रोनसाठी 2021चे ड्रोन नियम बघा. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, त्यावरच्याला नियम वाढत जातात. हिरव्या झोनमध्ये 400 फुटांपर्यंतच उडवता येतं, आणि कुठला भाग कुठल्या झोनमध्ये आहे ते सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या नकाशावर दिसतं. चिकलठाणा, नांदेड आणि लातूरच्या विमानतळांजवळ तर नकाशा न बघता ड्रोन बाहेरच काढू नका. भाड्याचा ड्रोन असेल तर उडवणाराही त्याच्यासोबतचाच घ्या.

लहान लेकरू फिल्ममध्ये असेल तर आई-वडिलांपैकी एक जण सेटवर पाहिजे, लेखी संमतीसह. व्यावसायिक निर्मितीत मुलांना दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. तुमची फिल्म कॉलेजची असली तरी ही मर्यादा पाळा.

7. जिवाचा धोका: इथे तडजोड करायची नाही

टीममधली एक व्यक्ती अशी ठरवा जिच्याकडे सेफ्टी बघण्याशिवाय दुसरं कुठलंही काम नाही. तिनं "थांबा" म्हटलं की कॅमेरा बंद, दिग्दर्शकानंही विचारायचं नाही. दिग्दर्शकाकडे ही जबाबदारी देऊ नका, त्याचं लक्ष फ्रेममध्ये असतं.

गाडीचा शॉट. पुढच्या गाडीवर उलटं बसून मागच्या गाडीचं शूट करणं हा विद्यार्थ्यांच्या फिल्ममधला मला सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात घातक प्रकार आहे. तो करूच नका. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला बंदीच आहे. पर्याय सोपा आहे: गाडी मैदानात स्टँडवर लावा, कॅमेरा खालून चेहऱ्यावर धरा म्हणजे मागे फक्त आभाळ येईल, एकानं हँडल हलकं हलवत राहावं, दुसऱ्यानं टेबल फॅन लावावा, तिसऱ्यानं झाडाची फांदी उन्हात फिरवून सावल्या पळवाव्यात. त्यावर इंजिनचा आवाज टाकला की गाडी धावते. सोबत एक शॉट असा घ्या की ट्रायपॉड रस्त्याच्या कडेला बाहेर आहे आणि हेल्मेट घातलेला नट सावकाश जातो.

रूळ. परवानगीशिवाय रुळावर जाणं हा रेल्वे कायदा 1989च्या कलम 147खाली गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट अशी की विद्युतीकरण झालेल्या मार्गावर वर 25,000 व्होल्टची तार असते. माइकचा बांबू किंवा सेल्फी स्टिक तारेला टेकली पाहिजे असंही नाही, फार जवळ गेली तरी झटका बसतो. गाडी लागणारच असेल तर रात्री अंगणात नटाच्या चेहऱ्यावर बॅटरी मारा आणि तिच्यापुढून बोटं फाकवलेला हात भरभर फिरवा. डब्यांच्या खिडक्यांचा उजेड चेहऱ्यावरून सरकल्यासारखा दिसतो, बाकी काम आवाज करतो.

पाणी. विहिरीच्या कठड्यावर बसलेला नायक मला फार वेळा दिसतो. कठडे जुने असतात, खालचा दगड सुटलेला वरून दिसत नाही. बारवेच्या शेवाळलेल्या पायऱ्यांचंही तसंच. पैठणच्या खाली गोदावरीच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली असतात आणि जायकवाडीतून पाणी सोडलं की पात्र भरतं. पाण्यात उतरायचा शॉट असेल तर पोहणारी, दोर आणि ट्यूब घेतलेली स्थानिक माणसं काठावर पाहिजेत. ती मिळाली नाहीत तर शॉट रद्द. कोरड्या विहिरीत किंवा जुन्या पेवात कुणीही उतरायचं नाही. आत प्राणवायू कमी असू शकतो, उतरलेला बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेलाही. असं घडलंच तर त्याच्या मागोमाग न उतरता 112 ला फोन करा.

जुन्या वाड्या आणि गढ्या. माळवदाचं छत वरून पक्कं दिसतं, खाली लाकडाला वाळवी लागलेली असते. त्यावर चार जण ट्रायपॉड घेऊन चढू नका. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाळ्यानंतर ढासळतात. दगडांच्या फटींत हात घालू नका, नाग, घोणस, मण्यार, फुरसं सगळं या भागात आहे. बंद बूट घाला, आत जाण्याआधी काठी आपटा. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नको. अवयव न हलवता 108 बोलवा किंवा सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

वीज. 1000 वॅटचा हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर घेतो. घरातला साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. दोन हॅलोजन एका बोर्डावर लावले की वायर तापते. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर आत वितळते. आकडा टाकून लाइट घेणं अजिबात नाही. थ्री फेजमधून सप्लाय लागला, जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा झाला, किंवा बोर्डातून जळका वास आला, तर तुमचं काम तिथं संपलं. वायरमन बोलवा.

हत्यार. खरं पिस्तूल नाही, खरा कोयताही नाही. खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा टेक सोडून कापडात झाकून ठेवा आणि पोलीस ठाण्याच्या पत्रात त्याचा उल्लेख करा, कारण लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं. मारामारी चालीनं बसवा आणि अर्ध्या वेगानं शूट करा. आग, उंचावरून उडी, काच फोडणं असेल तर प्रशिक्षित स्टंट समन्वयक लागतो. तेवढे पैसे नसतील तर तो शॉट लिहूच नका.

वीज कडाडणं वेगळं. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात इथे दुपारनंतर अचानक गडगडायला लागतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप सेफ्टीच्या माणसाच्या फोनमध्ये हवं. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. काळ्या ढगांचा शॉट मोहात पाडतो, तो खिडकीतून घ्या.

आणि ऊन पुन्हा, या वेळी माणसांसाठी. प्रत्येकी निदान चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, दर तासाला दहा मिनिटं सावली. कुणी असंबद्ध बोलायला लागला, उलटी झाली, अंग तापलं, घाम थांबला, तर तो "थोडा थकलाय" असं समजू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडानं अंग पुसत वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. त्या दिवसाचं शूट बंद.

शूट अर्ध्यातच थांबलं तर

दुसऱ्या दिवशी घाईनं उरलेले शॉट मिळवायला धावू नका. आधी मिळालेलं फुटेज ओळीनं लावा आणि रिकाम्या जागी पायऱ्यांवर काढलेले फोटो टाका. मग बघा कोणता शॉट खरोखर लागतो. बऱ्याचदा आठपैकी पाचच लागतात. मोंढ्याचं दार मिळालं नसेल तर काळ्या पडद्यावर श्रेयनामावली सोडा, खाली लिलावाचा पुकारा चालू ठेवा आणि पहिला शॉट थेट बापाच्या बोटांतल्या पट्टीवर उघडा. तरी एखादा शॉट लागलाच, तर त्याच दुकानात, त्याच वेळेला, मागच्या थप्पीचा फोटो हातात धरून जा.